रत्नागिरी तीन दिवस पायी, वर-खाली वर-खाली

आईने एकच काम सांगितलं होतं. "जातेच आहेस तर आमची शाळेची वाट अजून आहे का ते बघून ये." बाकी आंबापोळी वगैरे काही नको म्हणाली. आईचं लहानपण रत्नागिरीत गेलं, खालच्या आळीत भाड्याच्या घरात, आणि शाळा वरती. सातवी-आठवीपासून रोज ती चढण चढायची आणि संध्याकाळी उतरायची. आता तिचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात आणि गेली चारेक वर्षं ती म्हणतेय की एकदा जाऊन यायचंय, पण गाडीत बसून बघायचं नाही, चालायचं आहे. म्हणून ठरवलं की आधी आपण जाऊ, सगळं पायी फिरू, कुठे तिला जमेल, कुठे अजिबात नाही, कुठे बसायला कट्टा आहे, ते स्वतःच्या पायांनी बघून येऊ.

जानेवारीचा शेवटचा आठवडा. डोंबिवलीकर असल्यामुळे ठाण्याहून कोकणकन्या पकडली, पहाटे अंधारातच रत्नागिरी. स्टेशन शहरात नाहीये हे लक्षात ठेवा, ते बरंच बाहेर, कुवारबावला आहे, तिथून रिक्षा किंवा एसटीची सिटी बस. तेवढा एक प्रवास सोडला तर पुढचे तीन दिवस मी गाडीत बसले नाही. मारुती मंदिरच्या सर्कलला उतरले, लॉजवर बॅग टाकली, चहा घेतला आणि निघाले.

रत्नागिरी हे शहर नकाशात बघून कळत नाही. मी आधी मोबाईलवर सगळं बघून, ठिपके लावून गेले होते आणि पहिल्याच सकाळी ते ठिपके निरुपयोगी ठरले. कारण नकाशात अंतर दिसतं, उंची दिसत नाही. लॉजपासून थोडं उतरून गेल्यावर एका ठिकाणाहून मला जायचं होतं ती आळी ३५० मीटर दाखवत होता, आणि मी उभी होते तिथून खाली फक्त माडांचे शेंडे दिसत होते. म्हणजे माडांचे शेंडे माझ्या पायाच्या लेव्हलला! रस्ता उजवीकडे लांब वळसा घालून जात होता आणि समोर गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, पलीकडे थेट उतार. नकाशाचं ऐकून मी एका बोळात शिरले, तो कोणाच्या तरी परसदारी संपला, परत आले, दुसऱ्या बोळात गेले, तिथे कुत्रं बांधलेलं, परत आले. अर्धा तास गेला आणि मी होते तिथेच.

तेव्हा अंगण झाडणाऱ्या एक आजी बोलल्या, "अगो, कोणाकडे जायचंय तुला?"

म्हटलं खालच्या आळीत. तर म्हणाल्या, "मग रस्त्याने कशाला फिरतेस, ही बघ पाखाडी. कडेकडेने उतर हो, मधे पाणी पाझरतं तिथे शेवाळ धरलंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. कोकणात गावोगावी असते, पण एवढ्या मोठ्या, जिल्ह्याच्या शहरातसुद्धा अजून लोक त्या वापरतात हे मला माहीत नव्हतं. दोन्ही बाजूला गडगे, त्यावर नेचे उगवलेले, वरून फणसाची आणि आंब्याची सावली, आणि मधून माणूस-दीड माणूस जाईल एवढी वाट. भर शहरात एकदम गार. रिक्षाचे हॉर्न दहा पायऱ्या उतरल्यावर बंद होतात, खरंच बंद होतात. मी पायऱ्या मोजल्या, ९६ भरल्या. आईसाठी म्हणून उंचीपण मोजली, वितेने. सगळ्यात बुटकी पायरी पाऊण वीत, आणि सगळ्यात उंच चांगली दीड वीत आहे, ती उतरताना मलापण गडग्याला हात लावावा लागला. वरच्या आणि खालच्या टोकाला जुने चिरे, म्हणजे जांभ्याचे कापलेले दगड आहेत, झिजून मधे खोलगट झालेले, आणि मधला तुकडा नंतर सिमेंटचा केलेला. सिमेंटच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत पण उन्हात तापतात, चिऱ्याच्या तापत नाहीत कारण त्या सावलीत आहेत. इतकं सगळं मी वहीत लिहून घेतलं.

जांभ्याचं एक सांगते, हे तिथल्याच एका गवंडीकाम करणाऱ्या काकांनी समजावलं. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने चिरा कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून इकडे घरं, विहिरी, गडगे, पाखाड्या, किल्ला सगळं त्याचंच. आणि वर जो सपाट कातळाचा सडा असतो त्यावर माती अगदी थोडी, पावसाचं पाणी एकतर वाहून जातं नाहीतर दगडात मुरतं आणि खाली पायथ्याशी झऱ्याला, विहिरीला लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही सड्यावर उन्हाळ्यात पाण्याची बोंब आणि खाली आळीत विहिरीला बारमाही पाणी. म्हणूनच जुनी वस्ती, माड-पोफळी, देवळं सगळी खाली आणि स्टेडियम, नवीन बिल्डिंगा, कॉलन्या वरती. हे ऐकल्यावर मला शहर एकदम उलगडलं. त्यानंतर मी पत्ता विचारताना डावं-उजवं विचारायचं सोडून दिलं आणि तिथल्या लोकांसारखं "वर का खाली?" असंच विचारायला लागले, आणि एकदाही चुकले नाही.

आईचं घर सापडलं नाही. त्या जागी तीन मजली बिल्डिंग आहे. पण विहीर आहे. आईने खूण सांगितली होती की विहिरीच्या काठावर दोरीने पडलेल्या खाचा आहेत, त्या आहेत. आता वर जाळी आणि पंप. फोटो काढून लगेच व्हॉट्सॅपवर पाठवला, तिचं उत्तर दोन तासांनी आलं, फक्त "हो हीच."

त्या दिवशी पुढे टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर बघितलं. कौलारू, ओटीचं साधं घर, २३ जुलै १८५६ चा जन्म आणि दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं, म्हणजे हा मुलगा दहा वर्षं ह्याच चढ-उतारांवर खेळला असणार. मग पतितपावन मंदिर, १९३१ चं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, सगळ्या जातीच्या लोकांना थेट गाभाऱ्यापर्यंत प्रवेश. मी तिथे थोडा वेळ बसले. आई म्हणते तिची आजी ह्या देवळाच्या गोष्टी सांगायची, तिने ते वाद होताना बघितले होते. बाहेर एका खानावळीत घावणे आणि उसळ खाल्ली, आणि तिथून राम आळीच्या बाजारातून चालत मांडवीला. एकूण दिवसभराचा उतार इथे संपतो. काळी वाळू, जेटीवर गळ टाकून बसलेली पोरं, भेळेच्या गाड्या, आणि समोर सूर्य पाण्यात.

आता इथे माझी चूक झाली ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. दिवसभर उतरले, मस्त वाटलं, आणि अंधार पडल्यावर परत लॉजला जायला सगळी चढण शिल्लक. पाण्याची बाटली रिकामी, पोटऱ्या भरून आलेल्या. सकाळी पाऊण तासात उतरता येईल असं अंतर चढायला सव्वा तास लागला आणि मधे दोनदा दुकानाच्या पायरीवर बसले. अशा शहरात लॉज खाली घ्यावा, समुद्राजवळ. सकाळी ताज्या पायांनी आणि थंड हवेत चढायचं आणि संध्याकाळी उतरत घरी यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच केलं, बॅग उचलली आणि मांडवीजवळ घरगुती खोली घेतली.

दुसरा दिवस रत्नदुर्ग. लोक नुसतं "किल्ला" किंवा "भगवती किल्ला" म्हणतात. सकाळी साडेसहाला निघाले. थंडी नाही पण हवा ओलसर, बरी. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी समुद्र, साधारण १२० एकराचा पसारा, आणि हे सगळं एकसंध नाहीये, एका टेकडीवर बालेकिल्ला आणि भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह, मधे वस्ती. लोक गाडीने वरपर्यंत जातात, पार्किंगपासून थोड्या पायऱ्या चढतात, दर्शन घेतात, फोटो काढतात, वीस मिनिटांत खाली. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, वेळ कमी असतो. पण चालत गेलं की किल्ला हळूहळू चढतो आणि समुद्र एकेका वळणावर वाढत जातो. आधी फक्त एका बाजूला दिसतो. मग दोन. मग तटावर पोचल्यावर मागे वळून बघितलं तर तिकडेपण पाणी! मला अक्षरशः खाली बसावंसं वाटलं आणि मी बसले, तटाच्या सावलीत, पाऊण तास.

खाली एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर, रंगीत बोटींची दाटी, इतक्या वरून त्यांच्या इंजिनचा टुकटुक आवाज नुसता तरंगत येतो. दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि कड्यावर आपटणारी लाट, तिचा आवाज लाट फुटलेली दिसल्यानंतर क्षणभराने कानावर येतो. घारी आपल्या खाली उडताना दिसतात. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

देवळात पुजेची घाई होती, गुरवकाकांनी तीर्थ दिलं, "एकट्याच आलात? चालत?" म्हणाले आणि दीपगृहाकडे जायची वाट सांगितली, मात्र ते बघायला संध्याकाळची ठराविक वेळ असते त्यामुळे आत्ता बाहेरूनच बघा म्हणाले. ती वाट उघड्या कातळावरून जाते, झाड नाही. साडेदहाला माझं डोकं तापायला लागलं. टोपी होती, पण गळ्यात ओला पंचा किंवा स्कार्फ हवा होता. कातळ खालूनपण उष्णता मारतो, ते नुसत्या टोपीने थांबत नाही. दीपगृहाच्या टोकापर्यंत गेले, वारा खूप, दहा मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. आईसाठी नोंद: किल्ल्याला रिक्षाने, बालेकिल्ल्याच्या पायऱ्या सावकाश जमतील, दीपगृह नाही.

उतरताना मिरकरवाड्यातून गेले. माशांच्या वासाची सवय नसेल तर जड जाईल, पण जा. बोट लागली की क्रेटच्या क्रेट उतरतात, बर्फ फोडायचा आवाज, लिलावाची बोली इतकी भराभर की मला एक आकडा कळला नाही. बांगडा, म्हाकूल, कोळंबी, राणीमासा. बोटींवरचे खलाशी बरेचसे नेपाळी, हिमालयाच्या पायथ्याची पोरं येऊन इथे समुद्रात जाळं ओढतात, ह्याचा विचार मी दिवसभर करत होते. एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन समोरून आल्या, "ताई, पाय संभाळून, बर्फाचं पानी हाय" म्हणाल्या आणि मी बाजूला व्हायच्या आत निघूनही गेल्या. चप्पल अजिबात नको इथे, ग्रीप असलेले बूटच.

तिथून झाडगावला मत्स्यालय बघितलं, कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं. लहान आहे पण देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे तो बघण्यासारखा. मग पांढऱ्या समुद्रावर पाय बुडवून बसले. मांडवीची वाळू काळी म्हणून तो काळा समुद्र आणि हा पांढरा, अशी साधी सरळ नावं. दुपारी खोलीवर येऊन सरळ झोपले. अशा चालण्यात दुपारची दोन-तीन तासांची झोप धरूनच दिवस आखायचा, बारा ते चार उन्हात वणवण करण्यात काही अर्थ नाही.

तिसरा दिवस माझ्या सगळ्यात जवळचा. सकाळी चढून थिबा पॅलेसला. हवेत आंब्याचा मोहोर, गोडसर तुरट वास, कंपाउंडांच्या आतून रस्त्यावर येणारा, त्या वासाने चढण अर्धी होते. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला १९१० साली, म्हणजे इतकी वर्षं गेल्यावर, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. देश परत बघितला नाही. त्याची समाधी इथेच शिवाजीनगर भागात आहे. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टूटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलायची, अगदी साधं गरिबीचं आयुष्य. आईने तिला लांबून बघितलेलं होतं म्हणे, बाजारात, आणि कोणीतरी सांगितलं होतं की ही राजाची नात. आतलं म्युझियम मी भराभर बघितलं. मला जास्त वेळ खिडकीशीच थांबावंसं वाटलं, उतरत्या छपराखालच्या त्या अर्धगोल खिडक्या, बाहेर माड आणि पाण्याचा तुकडा.

थिबा पॉइंटवरून ते पूर्ण दिसतं. काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, राजिवड्याची घरं आणि मशिदीचे मिनार, खाडीच्या तोंडाशी उभ्या होड्या, पलीकडे सुरूची रांग आणि मग समुद्र. तिथे बाकावर एक काका सकाळचं फिरून दम खात बसले होते. मी विचारलं इथून खाली राजिवड्यात चालत उतरता येतं का. "रस्ता आहे, पण लांब. पाखाडी हवी तर ती बघा, त्या फणसाच्या मागून. आमी शाळंत असताना तितनंच पळायचो." तीपण उतरले, ती पहिल्यापेक्षा उभी आहे, पायऱ्या १३०च्या वर भरल्या, मधे एका ठिकाणी मोडलेली आहे आणि तिथे मी घसरले. फार नाही, तळहात खरचटला. पण खाली मोकळी खडी होती, आणखी गेले असते तर पाय मुरगळला असता. खाली पोचल्यावर एका घरातल्या चाचींनी हात बघितला, पाणी दिलं, हळद लावून दिली आणि "इकडून पावसात आमीपण जात नाय, रस्त्याने जातो" म्हणाल्या. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. ओळख ना पाळख. वरून मला राजिवडा म्हणजे नुसती छपरं दिसली होती.

पुढे भाट्याचा पूल कठड्याला धरून चालत ओलांडला, मोठी गाडी गेली की पायाखाली हादरा जाणवतो. पुलाच्या मधोमध उभं राहिलं की मागे सगळं शहर उभं दिसतं, वरचा सडा आणि खालची झाडी, आणि मी तीन दिवस नेमकी कुठून कुठून वर-खाली केली ते एका नजरेत. भाट्याच्या किनाऱ्याला सुरूच्या सावलीत शहाळं प्यायले आणि बूट काढून पाय वाळूत पुरून बसले. पाय दुखत होते, तरी उठावंसं वाटत नव्हतं ते दुखण्यामुळे नव्हे.

घरी आल्यावर आईला वही दाखवली. पायऱ्यांचे आकडे, विता, कट्टे, सावली, पाण्याचे नळ. मी तिच्यासाठी प्लॅन केला होता की रिक्षाने वर सोडायचं आणि पाखाडीने सावकाश खाली उतरवायचं, चढण नको. तिने सगळं नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "उलट कर. गुडघ्याला उतरताना जास्त लागतं, चढताना नाही. उतरायला रिक्षा, चढायला मी." तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारलं तर तीपण हेच म्हणाली, उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, काठी घेऊन, थांबत थांबत चढू दे.

म्हणजे आता विहिरीपासून सुरुवात, ९६ पायऱ्या वरच्या दिशेने. दर पंधरा पायऱ्यांना थांबायचं. दीड वीतवाल्या पायरीशी मी तिच्या मागे उभी राहायचं, पुढे नाही, असं तिने आत्ताच बजावलंय. कोकणकन्येचं तिकीट काढलंय, दोघींचं, तिला लोअर बर्थ. ती रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यावर सराव करतेय, काल दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली.